दुपारी जाणारं नेट

लोकांचं खोटं हर्षाला नुसत्या कानाने पकडता यायचं, आणि म्हणूनच तिला लोकांचा मनापासून तिटकारा होता.

अमरावतीत राजापेठेच्या पुढे, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एका इंटरनेट कंपनीचं तक्रार केंद्र होतं. अकोल्यापासून मोर्शीपर्यंत कुणाच्याही घरचं नेट गेलं की फोन तिथे वाजायचा. लांबलचक खोली, प्लायवूडने पाडलेले खण, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि एक पोरगी. हेडफोन लावून त्या पोरी दिवसभर एकच वाक्य म्हणत, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" हर्षाही म्हणायची. मनात मात्र तिचं वाक्य वेगळं असायचं: बोल बाबा, आज काय थाप मारतोस?

कारण थाप मारली नाही असा माणूस तिला विरळाच भेटला होता.

"सर, डबा बंद करून पुन्हा चालू केला का?"

"हो हो, केला ना."

"आत्ता परत एकदा करता का?"

"केला. लागला. नाहीच चालून राहिलं."

एका श्वासात. डबा, म्हणजे राउटर, बंद होऊन परत उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्याचे दिवे एकेक करून लागतात, आणि हा गडी खुर्चीतून हललासुद्धा नव्हता. खुर्ची करकरल्याचा आवाजही आला नव्हता. हर्षा म्हणायची, "धन्यवाद सर," आणि जिभेवर आलेलं गिळायची.

तिचे आई-वडील वलगाव रोडला भाजीपाला पिकवत. भगवंत म्हणजे तिचे वडील वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर काढायचे, सणासुदीला झेंडू. आणि माणिकबाई, तिची आई, तो माल घेऊन बाजारात बसायची. हर्षाने बीसीए केलं ते या चिखलातून पाय काढायला, आणि काढला तो थेट या खणात. माणिकबाईला पोरीचं काम नेमकं काय ते कधीच उमगलं नाही. एकदा तिने विचारलं, "आमच्या वांग्यात अळी निघाली तं गिऱ्हाईक वांगं आनून तोंडापुढे धरते. तुहं गिऱ्हाईक काय दाखवते?"

"काही नाही," हर्षा म्हणाली. "ते फक्त बोंबलते."

अडाण्यांचा तिला एवढा राग नव्हता. पातूरकडचा एखादा म्हातारा सरळ सांगायचा, "बाई, मले काही समजत नाही, तू सांगशीन तसं करतो." त्याचं काम पाच मिनिटांत व्हायचं. खरा राग शिकलेल्यांचा. मोर्शीच्या एका वकिलांनी किरणांच्या भीतीने राउटर लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता, आणि वर तक्रार की वायफाय बैठकीपर्यंत पोचत नाही. एक डॉक्टर अर्धा तास शिव्या देत होते की कंपनीने व्हायरस सोडला, एकही साइट उघडत नाही. त्यांच्या कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे जाऊन बसली होती. त्यामुळे प्रत्येक साइट त्याला बनावट वाटत होती. तारीख नीट केली, सगळं चालू झालं. डॉक्टरांनी आभार मानले का? त्यांनी फोन आपटला. एका प्राध्यापकांनी तर लॅपटॉपवरचं विमानाचं बटण दाबून नेट स्वतःच बंद केलं होतं आणि आपण ते दाबलंच नाही यावर ते शेवटपर्यंत ठाम होते. बटण काय आपोआप दाबलं गेलं? हर्षाने तेही ऐकून घेतलं.

तिची स्वतःची रीत पक्की होती. आधी दिवे विचारायचे. मग वायर. मग नेट एकाच कॉम्प्युटरला नाही की घरातल्या सगळ्यांनाच, आणि एकच साइट उघडत नाही की सगळ्याच. एवढ्या चार गोष्टींवर कुणी खरं उत्तर दिलं तर निम्म्याहून जास्त तक्रारी जागच्या जागी मिटतात. पण खरं उत्तर देणार कोण?

म्हणून ती गिऱ्हाइकापेक्षा समोरच्या पडद्यावर जास्त विश्वास ठेवायची. प्रत्येक घरातला डबा तिला तिथे दिसायचा. वायर तुटली की एक खूण यायची. आणि डब्याची वीज गेली की वेगळी; कारण वीज तुटल्यावर जीव जाण्याआधीच्या एका क्षणात तो डबा कंपनीला निरोप धाडतो की माझी वीज गेली. तशी सोयच असते त्यात. "माणसापरिस डबा बरा," हर्षा शेजारच्या खणातल्या करिश्माला म्हणायची, "मरताना तरी खरं बोलतो."

अशी ती चार वर्षं बसली होती, जगाला तुच्छ लेखत, जगाला 'सर' म्हणत. तेवढ्यात खुशालराव आले.

खुशालराव अकोल्याचे, कौलखेड भागातले. पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अधिकारीपण काही उतरलं नव्हतं. पहिल्याच फोनवर त्यांनी नाव सांगण्याआधी हुद्दा सांगितला.

"माजी विस्तार अधिकारी बोलतो. तुमचं नेट रोज दुपारी जाते. रोज. सकाळी असते, संध्याकाळी असते, दुपारी दोन-अडीच झाले का गेलं. हा काय तमाशा लावला?"

हर्षाने पडदा पाहिला. डब्याची वीज गेलेली.

"सर, तुमच्याकडे लाइट आहे का?"

"मी कॉम्प्युटरपुढे बसून तुमच्याशी बोलतो, पंखा चालू हाय, अन् तुमी मले लाइट विचारता? शिकल्या का नाही कुठं?"

"सर, डब्यावरचे दिवे लागले आहेत का, तेवढं पाहाल का?"

आता माणूस उठेल आणि पाहील अशी तुमची-माझी समजूत. खुशालराव उठले नाहीत. त्यांनी फोन तोंडापासून जरासाही दूर न करता हाक मारली, "ए, दिवे पाय व डब्याचे!" हर्षाचा कान फाटला. डबा आतल्या खोलीत, शिलाई मशीनच्या मागे ठेवलेला होता. घरात बायको असताना आपण वाकून डब्याकडे पाहावं हे त्यांच्या हुद्द्यात बसत नव्हतं.

लांबून एका बाईचा आवाज आला, "लागले हायेत जी. हिरवेगार."

"ऐकलं? लागले हायेत," खुशालराव म्हणाले.

हर्षाने पुन्हा पडदा पाहिला. मेलेला डबा, आणि बाई म्हणते हिरवेगार. घ्या, म्हणजे नवरा मूर्ख आणि बायको खोटारडी. तिने तक्रार लिहून घेतली आणि माणूस पाठवते म्हणाली.

कंपनीचा अकोल्याचा माणूस म्हणजे शुभम. तो सकाळी गेला, कारण अकोल्याच्या उन्हात दुपारी कुणी खांबाजवळ जात नाही. सकाळी डबा उत्तम चालू होता. त्याने वायर पाहिली, जोड पाहिले, वेग मोजला, चहा प्यायला आणि फोन करून सांगितलं, "मॅडम, तथी काहीच बिघाड नाही. उगाच डोकं खाते तो बुवा. बायको चांगली हाय, चिवडा दिला." त्या दिवशी दुपारी डबा पुन्हा मेला. पुन्हा फोन. शुभम पुन्हा सकाळी गेला, आणि पुन्हा चिवडा खाऊन आला.

खुशालरावांचा फोन हा हर्षाच्या दुपारचा भाग होऊन बसला. ते तिला कधी 'मॅडम' म्हणत, तेही शिवी दिल्यासारखं. कधी 'ए पोरी'. त्यांच्या काळात ग्रामसेवक कसे थरथर कापायचे ते सांगत. तिचा पगार आपण भरतो असं सुनावत. आणि मधूनमधून आतल्या खोलीकडे ओरडत, "तुले दिसते का नाही नीट? आंधळी हायेस का?" उत्तर ठरलेलं: लागले हायेत जी.

एक दिवस त्यांचाच धीर सुटला. "घे, तूच सांग हिले," म्हणत त्यांनी फोन बायकोच्या हातात कोंबला. "माह्या बोलण्यावर हिचा विश्वास नाही."

पावलं आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. हर्षाला असली संधी कधी मिळाली नव्हती. ती पाठ केलेली सगळी वाक्यं विसरली आणि घरच्या भाषेत म्हणाली, "काकू, मले इथून दिसून राहिलं. डब्याले वीजच नाही. पिन कोनं काढली?"

पलीकडे आधी दाराची कडी लागली. मग अगदी हलक्या आवाजात, "मीच काढतो."

"काहून?"

"तुमी त्याइले सांगसान?"

"आधी सांगा तर खरं."

आणि पार्वताबाईंनी, म्हणजे खुशालरावांच्या बायकोने, सांगितलं. एका दमात, जसं काही कुणी विचारायची वाट पाहत होत्या.

त्यांची मुलगी आरती पातूरला शिक्षिका. नवऱ्याकडचा जाच सोसवेना म्हणून सोडून आली, बदली मागून पातूरला खोली करून एकटी राहायला लागली. बापाला ते रुचलं नाही. चार लोकांत तोंड काळं झालं म्हणे. पोरीची शाळा सकाळची; दुपारी ती घरी आली की बाप कॉम्प्युटरवर तिला व्हिडिओ कॉल लावायचा, संध्याकाळी तिच्याकडे शिकवणीची पोरं असत. छोट्या मोबाइलवर त्याला नीट दिसायचं नाही, आणि नुसत्या आवाजावर त्याचा भरवसा नव्हता. त्याला मोठ्या पडद्यावर पाहायचं असायचं. काय पाहायचं?

"म्हनते, मोबाइल फिरव. खोली दाखव. मोरी दाखव. दारामागं दाखव. चपला कोनाच्या हायेत ते दाखव. पोरगी शाळेतून येते, पानी पेली नसते, अन् मोबाइल धरून घरभर फिरते. माह्यानं पाहावत नाही बाई."

"मग तिने उचलू नये फोन."

"नाही उचलला का हे गाडीत बसते अन् पातूरले जाते. दोनदा गेले. घरमालकासमोर नाही नाही ते बोलले. पन नेटच नसलं तं मंग तिचा काय दोष? दोष कंपनीचा. हे तुमच्यावर ओरडते, पोरगी सुटते."

चार वर्षांत तिने हजारो बिघाड ऐकले होते. असा नेमका चालणारा बिघाड पहिलाच. बाहेरून खुशालराव ओरडले, "झालं का तुमचं?" पार्वताबाई मोठ्याने म्हणाल्या, "हो जी, दिवेच सांगून राहिली!"

तिला दया आली असं कुणी समजू नये. आरतीबद्दल तर तिला चीडच आली. चाळीस पोरांना धाकात ठेवणारी मास्तरीण, आणि एक लाल बटण दाबता येत नाही? पार्वताबाईंचीही कीव करावी असं तिला वाटलं नाही. पण त्या दिवशी तिच्या मनात तिरस्काराची तागडी धरली गेली, आणि एका पारड्यात खुशालराव बसल्यावर दुसऱ्या पारड्याला जमीन दिसेना. मोरी दाखव म्हणे.

फोन परत खुशालरावांकडे गेला तेव्हा हर्षा गोड आवाजात म्हणाली, "सर, बिघाड सापडला. आमच्याकडूनच आहे. तुमच्या भागात मोठ्या केबलचं काम काढलंय, ते लोक दुपारीच लाइन बंद ठेवतात."

"किती दिवस चालन?"

"सांगता येत नाही सर. खोदकाम आहे."

इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं ऐकलेलं. स्वतः बोलायला लागली तर ते अगदी सफाईदार निघालं. खोदकामाचा विषय शिळा झाल्यावर तिने सांगितलं की बाळापूरकडच्या खांबावर माकडांनी उच्छाद मांडलाय. तेही संपल्यावर, निव्वळ गंमत म्हणून, तिने सांगितलं की अकोल्याचं ऊन कडक, त्यामुळे दुपारी केबल ताणते आणि आतला प्रकाश बारीक होतो. हे कुणी मानेल असं तिला वाटलं नव्हतं. खुशालराव म्हणाले, "असं सरळ सांगा ना मग! शास्त्रीय कारण हाय हे." पुढच्या आठवड्यात त्याच कॉलनीतून आणखी काही जणांचे फोन आले. प्रत्येक जण हर्षालाच समजावून सांगत होता की दुपारी प्रकाश बारीक होतो, माहीत आहे का तुम्हाला? त्यातला एक तर निवृत्त इंजिनिअर होता. हर्षा हेडफोन काढून पाणी प्यायला उठली, कारण हसू आवरेना. लोकांबद्दलचं तिचं मत इतकं घसघशीत खरं ठरल्याचा आनंद तिला कधी झाला नव्हता.

मधूनमधून पार्वताबाई 'दिवे सांगायला' फोनवर यायच्या. दोन वाक्यं बोलायच्या. आरतीने शाळेत परसबाग लावली. आरतीला ताप होता, आता बरा आहे. एकदा हर्षाने आपला नंबरही त्यांना दिला, आणि वर सुनावलं, "काकू, असं जन्मभर पिन काढत बससान का?" पार्वताबाई म्हणाल्या, "जमन तोवर."

पण खुशालरावांसारखा माणूस शास्त्रीय कारणावर किती दिवस थांबणार? त्यांनी कंपनीच्या वरच्या कार्यालयात लेखी तक्रार ठोकली. ती गडगडत रोहितच्या टेबलावर येऊन पडली.

रोहित म्हणजे केंद्राचा प्रमुख. पुण्याला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि डबा म्हणजे जेवणाचा की नेटचा हे त्याला चित्रावरून ओळखता येईल की नाही याची हर्षाला शंका. पण ग्राहकाचा आनंद या विषयावर तो तासभर बोलू शकत असे. त्याने खुशालरावांचे सगळे रेकॉर्ड झालेले फोन मागवले आणि एक दुपार बसून ऐकले. मग हर्षाला काचेच्या खोलीत बोलावलं.

"हे माकडांचं काय प्रकरण आहे?"

हर्षाने खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

"आणि ही बाई स्वतः सांगतेय की ती पिन काढते. तुला माहीत आहे. तरी तू आपल्या कंपनीचा दोष सांगतेस? रेकॉर्डवर?"

"ते का काढते, तेही ऐकलं असेल ना तुम्ही."

"तो त्यांचा घरचा प्रश्न आहे," रोहित म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. रागसुद्धा नव्हता, हे हर्षाला जास्त लागलं. त्याला फक्त तक्रार बंद झालेली पाहायची होती. "आज त्यांचा फोन येईल. मी लाइनवर ऐकत बसतो. तू त्यांना सांगायचं, घरात पिन काढली जाते, बायकोला विचारा. तक्रार बंद. आपण मोकळे."

"अन् ती बाई?"

"हर्षा, आपण नेट विकतो."

फोन यायचा तेव्हा आलाच. रोहित हर्षाच्या खणामागे दुसरा हेडफोन लावून उभा राहिला. आजूबाजूच्या खणांतून माना वर झाल्या. करिश्माने आपला फोन थांबवून ठेवला.

"विस्तार अधिकारी बोलतो. तुमच्या वरच्या साहेबांनी मले शब्द दिला का आज खरं कारण समजन. सांगा."

हर्षाने पडदा पाहिला. डबा मेलेला. कानात एक घाणेरडा आवाज, पाठीशी एक इस्त्रीचा शर्ट, आणि या दोघांपैकी कुणाचंच मन राखायची आपल्याला गरज नाही हे इतकं लख्ख दिसलं, की तिला हलकं वाटलं.

"सर, खरं कारण सांगते. आमचं नेट तुमच्या लायकीचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दोष आमचाच आहे. तो निघणार नाही. आमच्याकडे तसा माणूस नाही. तुम्ही कनेक्शन काढून टाका. मी आत्ता अर्ज भरून घेते."

रोहितने तिच्या खांद्यावर बोट टोचलं. तिने खांदा झटकला.

"मी काय म्हनत होतो पहिल्या दिवसापासून?" खुशालराव गरजले, आणि त्या गर्जनेत आनंद होता. "तुमची कंपनीच भिकार हाय! हे कबूल करायले तुमाले एवढे महिने लागले?"

"हो सर. भिकार आहे," हर्षा म्हणाली आणि अर्ज भरून टाकला.

रोहितने दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हणून सांगितलं. हेही तो शांतपणे, ग्राहकाशी बोलावं तसं बोलला. हर्षाने हेडफोन टेबलावर ठेवला, डबा उचलला, तो जेवणाचाच, आणि जिना उतरली. खाली मिठाईच्या दुकानात गरम जिलेबी काढत होते. ती घेऊन घरी गेली. माणिकबाईने विचारलं, आज काय? तिने सांगितलं, काम गेलं. भगवंत जिलेबीचा तुकडा मोडत म्हणाले, "बरं झालं. पालकात लय गवत माजलं, बाईमानूस भेटूनच नाही राहिलं." म्हणजे तीन वर्षं शिकून आणि चार वर्षं ऐकून पोरगी शेवटी गवत काढायला मोकळी झाली, यातच बापाला समाधान. हर्षाला त्यांचाही राग आला, आणि दुसऱ्या दिवशी ती गवत काढायला गेली, कारण घरात बसून रोहितचा चेहरा आठवण्यापेक्षा ते बरं होतं.

पार्वताबाईंचा फोन दिवाळीच्या अलीकडे आला. हर्षा आईजवळ बाजारात बसली होती, समोर झेंडूचे ढीग. आधी तिला आवाजच ओळखू येईना. तो आता कुजबुजत नव्हता.

"त्याइनं दुसऱ्या कंपनीचं नेट घेतलं," पार्वताबाई म्हणाल्या. "अन् डबा बैठकीत लावला बाई. त्याइच्या खुर्चीसमोर, भिंतीवर, उंच. माहा हातच पोचत नाही."

हर्षाचं तोंड कडू झालं. म्हणजे आपण नोकरी घालवली आणि वर त्या माणसाला चांगलं नेट मिळवून दिलं.

"मग?"

"मंग काय. पहिल्याच दिवशी लावला पोरीले फोन. उचलला तिनं. हे म्हनते, मोबाइल फिरव. मी मागं उभी होती चहा घेऊन. मले काय झालं मलेच नाही मालूम. मी मोठ्यानं बोलली, आरती, बंद कर तो फोन. काही दाखवू नको. अन् परत उचलू नको."

"अन् तिने?"

"केला बंद. हे माह्याकडे पाहातच राहिले. चहा सांडला त्याइच्या धोतरावर."

दुसऱ्या दिवशी खुशालराव एसटीने पातूरला गेले. तडक शाळेत. पार्वताबाईंनी ते आरतीकडून ऐकलं होतं. वर्ग चालू होते. मुख्याध्यापकांनी त्यांना कार्यालयात बसवून ठेवलं, आणि सुट्टी होईपर्यंत पोरं खिडकीतून त्यांना पाहून जात होती, कुणाचा तरी आजा आला म्हणून. त्यांनी बरंच काही बोलायचं ठरवून आणलं असणार. आरती आली. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाली, "बाबा, चहा घ्या. मी घरी नेणार नाही तुमाले. तुमची गाडी हाय थोड्या वेळात." त्यांनी चहा घेतला आणि गाडीत बसले.

एवढाच होता तो वाघ. ग्रामसेवक थरथर कापायचे म्हणे.

हर्षाला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण त्याहून जास्त तिला संताप आला. "काकू, एवढंच बोलायचं होतं तं इतके महिने पिन काढत कसाले बसल्या? एका वाक्याचं काम होतं."

"तुमी तरी मले पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं," पार्वताबाई म्हणाल्या, "का बाई, बोलून पाय? तुमी तं माकडाईची गोष्ट सांगितली."

समोर एक गिऱ्हाईक झेंडूचा ढीग उसकटून खालची फुलं वर काढत होतं. तिने त्याच्या हातावर चापट मारावी तसं ओरडून त्याला थांबवलं.

"आता कसं चालते घरी?" तिने विचारलं.

"माह्यासंगं बोलत नाही ते. खुर्चीत बसते, कॉम्प्युटरवर जुनी गाणी पाहाते. नेट लय चांगलं हाय, एकदाही गेलं नाही." आणि वर म्हणाल्या, "रविवारी मी जातो पातूरले. पहिल्यांदा पाहातो पोरीची खोली. स्वतःच्या डोयानं."

मग त्यांनी हर्षाच्या लग्नाचं विचारलं, हर्षाने नेहमीचं तिरकं उत्तर दिलं, आणि फोन संपला.

"कोन होतं?" माणिकबाईने विचारलं.

"अकोल्याची एक बाई."

"तुही मैत्रीण हाय का?"

हर्षाने विचार केला. मैत्रीण म्हणावं इतकं तिला कुणी कधी आवडलंच नव्हतं. "नाही," ती म्हणाली, "पण बरी हाय." आणि ते गिऱ्हाईक पुन्हा ढिगाकडे वळलं, तशी ती तराजू घेऊन उठली.